बोल, काय दिसतंय?

४ मार्च, सोमवार

मिळाला! शिक्का मिळाला! अंगठ्याएवढा रबरी शिक्का, त्यावर माझा क्रमांक, आणि आजपासून तो फक्त माझा. विमानदुरुस्तीच्या हँगरच्या प्रमुख मॅडमनी ड्रॉवरमधून काढून असा काही हातावर ठेवला, जसं काही स्टेपलरच देतायत. मला मात्र तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. घरी येईपर्यंत खिसा किती वेळा चाचपला ते सांगायची सोय नाही. आल्या आल्या पहिला शिक्का स्वतःच्या मनगटावर मारला, दुसरा नवऱ्याच्या.

"म्हणजे मी पास?" त्याने विचारलं.

"पुढच्या तपासणीपर्यंत."

सासूबाई आतून म्हणाल्या, "त्याला उघडून बघितलंस कुठे अजून?"

इतकी वर्षं मी बोल्ट काढणारी आणि बसवणारी होते. आता मी तडे शोधणारी. आणि नशीब असं की शिक्क्याचं पहिलंच काम आजीबाईचं! आजीबाई म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या प्रवासी विमानांतलं सगळ्यात म्हातारं. पंख जिथे धडाला जोडलेला असतो तिथे दोन्ही बाजूंना जाड धातूचं एकेक फिटिंग असतं, साधारण माझ्या हाताएवढं लांब. प्रत्येक उड्डाणात पंख वर वाकतो, उतरलं की खाली येतो. तार मागेपुढे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसाच हा धातू थकत जातो. म्हणून कारखान्याचं फर्मान आलंय: या वयाच्या विमानांची ही फिटिंग्ज उघडा, बोल्टचं प्रत्येक भोक तपासा. तडा सापडला तर ते फिटिंग बदला. नसला तर शिक्का मारा आणि उडू द्या.

पुढची तपासणी थेट काही हजार उड्डाणांनंतर. तोवर माझ्या त्या रबराच्या भरवशावर माणसं खिडकीला डोकं टेकवून झोपणार. झोप काही येईना, ती मात्र आनंदानेच.

५ मार्च, मंगळवार

आज पंखाच्या मुळाशी असलेली झाकणं काढली. आत हात घातला तर आत जुन्या तेलाचा वास आणि बोटाला लागणारी मऊ काळी धूळ. आणि त्यामागे ते फिटिंग! इतकी वर्षं याच विमानाखालून चहा प्यायला गेले, आणि हे आत बसून सगळा भार पेलत होतं. मी त्याला चक्क नमस्कार केला. कोणी बघितलं नसावं.

माझ्या जोडीला घारकाका आहेत. हँगरमधले सगळ्यात जुने तपासनीस. पूर्वी कधीतरी चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या त्यांनी पंखाच्या पोटावरचा केसाएवढा तडा हेरला होता, तेव्हापासून हे नाव पडलं. वर्षभरापूर्वी मला बोल्टच्या ट्रॉलीवरून उचलून हाताखाली शिकायला त्यांनीच घेतलं. "हिचा हात थरथरत नाही," एवढंच मॅडमना म्हणाले होते, आणि मला मूठभर मांस चढलं होतं.

त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. दुसरे तपासनीस आरसा आणि टॉर्च स्वतःकडे ओढून घेतात, आपण मागून टाचा उंचावत बसायचं. काका हात पाठीशी बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "बोल, काय दिसतंय?" मग आपण बोलायचं. रंग, खरवड, गंज, सगळं. मध्येच एखादा असा प्रश्न टाकतात की आपण परत वाकून बघतो. हल्ली तर ते आरशाला हातसुद्धा लावत नाहीत. एवढा विश्वास माझ्यावर सख्ख्या आईनेही टाकला नव्हता.

८ मार्च, शुक्रवार

आज भोकं तपासायला सुरुवात झाली. उजवी बाजू आधी.

एक बोल्ट काढायचा, भोक पुसायचं, पेन्सिलीएवढा प्रोब आत घालून सावकाश फिरवायचा. धातू सलग असेल तर मशीनच्या पडद्यावरचा ठिपका गुपचूप बसतो. तडा असला की उसळी मारतो. पण त्याआधी मशीनला तडा म्हणजे काय ते शिकवावं लागतं. त्यासाठी धातूचे छोटे ब्लॉक असतात, मुद्दाम चिरा पाडलेले. आमच्या पेटीत दोन आहेत, एक अर्ध्या मिलिमीटरच्या चिरेचा, दुसरा दीडचा. दिसायला जुळे भाऊ. फक्त कडेला बारीक आकडा कोरलेला. आपल्याला हवा अर्ध्याचा. चुकून दीडचा घेतला तर मशीन बहिरं होतं. मोठे तडे ऐकतं, बारीक ऐकत नाही.

म्हणून काकांचा नियमच आहे: ब्लॉक उचलला की आकडा मोठ्याने वाचायचा. ते स्वतः उचलतात, माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "वाच." प्रत्येक वेळी! आज दुपारी मी म्हटलंसुद्धा, "काका, आत्ताच तर वाचला." तर म्हणाले, "कंटाळा आला की दुकान बंद करायचं, पोरी." अशी शिस्त हल्ली कुणात उरली आहे?

आणखी एक गंमत. मशीनला भोंगा आहे, ठिपका ठरलेल्या रेषेवर गेला की टीं करतो. बाकीचे तो बंद ठेवतात, डोकं उठतं म्हणून. काका मात्र पूर्ण चढवून ठेवतात. शेजारच्या टेबलावरचा रंगारी रोज शिव्या घालतो.

११ मार्च, सोमवार

सापडला!! उजव्या फिटिंगला, वरच्या ओळीत, कोपऱ्यातल्या भोकात. प्रोब फिरवत होते, ठिपका निजलेला, निजलेला, आणि एकदम टुणकन वर. टीं! माझ्या हातातून प्रोबच सुटला असता. परत फिरवला, परत त्याच जागी. मी "सापडला!" म्हणून अशी किंचाळले की मचाणाखालचा मेकॅनिक पाना टाकून बाजूला झाला.

काका वर चढून आले. जरा जपून चढतात हल्ली, गुडघे कुरकुरतात म्हणे. "बोल," म्हणाले. मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. "तुझा पहिला. पहिला विसरत नाही माणूस."

केवढासा तो तडा, नखाएवढासुद्धा नाही. कोणाच्या लक्षात आला नसता आणि वाढत गेला असता. मी उजव्या बाजूच्या कागदावर लाल शिक्का मारला: बदला. घरी येताना रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

उद्यापासून डावी बाजू, पण मी रजेवर. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं आत्ताच निघालं. काका म्हणाले, "जा तू. डावी मी करतो." जरा हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू.

१३ मार्च, बुधवार

सासूबाईंची पट्टी निघाली आणि घरात गोंधळ उडाला. आधी खिडकीकडे बघितलं, मग पडद्याकडे. "हा निळा आहे?" म्हणाल्या. "मी हिरवा समजून चालले होते." मग माझ्याकडे वळल्या, निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या गालावर एवढे वांग कधी आले?" नवरा हसून हसून गडाबडा लोळायचा बाकी राहिला.

मग हळूहळू एकेक गुपित बाहेर पडलं. गेली तीन वर्षं त्यांना धड दिसतच नव्हतं! सुई मला ओवायला द्यायच्या, "हात कापतात" म्हणून. औषधाची बाटली पुढे धरून "वाच बघू" म्हणायच्या, तर मला वाटायचं सून नीट लक्ष देते की नाही ते बघतायत. मालिकेतली माणसं आवाजावरून ओळखायच्या.

"आई, सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर गॅस बंद केला असतास माझा." हे वर ठसक्यात!

आम्ही सगळे एका घरात राहतो, आणि कुणाच्याही लक्षात येऊ नये? मी तर पोटापाण्यासाठी बारीक बघते.

१५ मार्च, शुक्रवार

परत कामावर. डावी बाजू पूर्ण झाली, सगळी भोकं स्वच्छ, काकांचा शिक्का. म्हणजे डावं फिटिंग राहणार, फक्त उजवं बदलायचं. मॅडम खूश, कारण नवं फिटिंग एकच हातात आहे. आजीबाई महिनाअखेरीस उडणार.

काका कसल्याशा विचारात होते. मी विचारलं, "एकाही भोकात काही नाही?" तर म्हणाले, "भोंगा वाजला नाही." नेहमीसारखं वर्णन करत बसले नाहीत, दमले असतील.

पेटी उघडली तर ब्लॉक उलटे ठेवलेले. वर दीडचा, खाली अर्ध्याचा. कुणीतरी वेंधळ्याने हाताळले असणार. नीट लावून ठेवले. रंगाऱ्यावर माझा संशय आहे.

२० मार्च, बुधवार

आजचा दिवस सोन्याचा! उजवं जुनं फिटिंग काल निघालं, आज नवं बसलं. त्याच्या भोकांत ज्या धातूच्या नळ्या बसवायच्या त्या मुद्दाम किंचित जाड असतात. म्हणून त्यांना द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून आक्रसवायचं, जाड हातमोज्यांनी उचलायचं आणि वेळ न दवडता भोकात सारायचं. पांढरी वाफ, सुंई आवाज, सगळ्यांचे श्वास रोखलेले. नळी गरम होत फुगते आणि अशी घट्ट बसते की पुन्हा निघायचं नाव नाही. चौथी जरा तिरकी जायला लागली तेव्हा मेकॅनिकने देवाचं नाव घेतलं आणि मी त्याच्या कोपराला धक्का दिला. बसली! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मापं मी वाचली, काकांनी लिहून घ्यायला सांगितलं. उतरताना त्यांची शेवटची पायरी चुकली. "म्हातारा झालो," म्हणून स्वतःच हसले. मीही हसले. रविवारी त्यांना चहाला बोलावलंय, माझा पहिला तडा साजरा करायला.

२४ मार्च, रविवार

हात अजून थरथरतोय. काका म्हणाले होते हिचा हात थरथरत नाही.

सगळं छान चाललं होतं. काका आले, सासूबाईंनी नव्या डोळ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मी चहा दिला. काकांनी कप ठेवायच्या आधी बोटाने टेबलाची कड चाचपली, मग कप ठेवला. नवऱ्याने शिक्क्याच्या दिवशी काढलेला माझा फोटो दाखवला, ते म्हणाले, "वा, झकास." फोन उलटा धरला होता त्यांनी.

आणि सासूबाईंनी विचारलं, "तुमचा कुठला? उजवा, की दोन्ही?"

"काय कुठला, ताई?"

"डोळा हो. मोतीबिंदू."

काका हसले. "मला हँगरमध्ये घार म्हणतात, ताई."

"म्हणत असतील. मी तीन वर्षं या सगळ्यांना फसवलंय. मला फसवायला निघालात होय?"

काकांनी अर्धा चहा तसाच टाकला, काम आठवलं म्हणाले आणि गेले. दाराची कडी त्यांना चटकन सापडली नाही.

मी सासूबाईंवर भडकले. घरी आलेल्या माणसाला असं बोलतात? त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझे काका तुला सारखं 'बोल, काय दिसतंय' म्हणतात ना? मी तुला बाटली कशी वाचायला लावायचे?"

तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. आरसा. भोंगा. पायरी. ब्लॉक पुढे धरून "वाच". आणि मी रजेवर होते तेव्हा त्यांना वाचून दाखवायला कोणीच नव्हतं. आणि परत आले तेव्हा दीडचा ब्लॉक वर होता, आणि तो मी स्वतःच्या हातांनी नीट लावून ठेवला!

डावी बाजू त्यांनी बहिऱ्या मशीनने तपासली असेल तर त्या शिक्क्याला काहीच अर्थ नाही. शुक्रवारी त्या विमानात माणसं बसणार.

आणि मी हे बोलले तर काका संपले. ज्यांनी मला तिथे उभं केलं, ते. कदाचित ब्लॉक बरोबरही असेल. कदाचित सासूबाईंना सगळीकडे मोतीबिंदूच दिसत असेल. नवरा म्हणाला, "तू त्या विमानात आईला बसवशील?" मी नाही म्हणाले, इतकं पटकन की मलाच भीती वाटली.

२५ मार्च, सोमवार

सकाळीच अवजारांच्या खोलीत गाठलं त्यांना.

"काका, डावी बाजू परत करायची."

"का?"

"ब्लॉक उलटे ठेवलेले होते."

"मग? तुझ्या सासूने काहीतरी डोक्यात भरवलं म्हणून तू माझं काम तपासणार? प्रोब धरायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही. ब्लॉक वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हेही तुम्हीच शिकवलंत." मी ब्लॉक पुढे धरला. "वाचा."

त्यांनी तो घेतला. जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. मग कोरलेल्या आकड्यावरून अंगठा फिरवू लागले. मला बघवेना, पण मी नजर वळवली नाही.

"इथे उजेड कमी आहे," ते म्हणाले. खोलीत तर भर दुपारसारखा उजेड होता.

शेवटी त्यांनी ब्लॉक माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. "मॅडमना मी सांगतो. तू नको सांगूस. तुझ्या तोंडून ते नको." आणि गेले.

जिन्यात बसून मी रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि मशीन चार्जिंगला लावलं.

२६ मार्च, मंगळवार

कुठून सुरुवात करू!

मॅडमचा आवाज काल काचेतून बाहेरपर्यंत आला. दरवर्षी डोळे तपासतात ना, मग हे पास कसे झाले? तर नर्स वर्षानुवर्षं तेच कार्ड दाखवते, आणि काकांना ते शेवटच्या ओळीपर्यंत पाठ! आता कार्डं बदलणार. काकांच्या वर्षभरातल्या शिक्क्यांची सगळी कामं पुन्हा उघडणार. त्यातल्या बहुतेक कामांत वाचणारी मीच होते, एवढंच बरं.

आज डावी बाजू मी केली. मॅडम खाली उभ्या. काकांना वर यायची परवानगी नव्हती, पण ते मचाणाशी आले, हात पाठीशी बांधून. मी ब्लॉक उचलला आणि आकडा मोठ्याने वाचला. अर्धा. मॅडमनी मान डोलावली. काकांनी डोळे मिटले होते.

पहिलं भोक, गप्प. दुसरं, गप्प. माझ्या मनात आलं, स्वच्छच असू दे, काकांची लाज राहू दे. आणि दुसरं मन म्हणत होतं, असेल तर सापड रे बाबा. पाचव्या भोकात प्रोब फिरवला.

"बोल," खालून आवाज आला, "काय दिसतंय?"

पहिल्यांदाच मला कळलं की हा प्रश्न खरोखरच प्रश्न आहे.

आणि ठिपका उसळला. टीं! मी परत फिरवला. टीं!

"सापडला!" मी ओरडले आणि जीभ चावली. काय हे! त्यांचा शिक्का खोटा ठरला आणि मी आनंदाने ओरडतेय. पण आनंद झाला होता, लपवणार कशी?

"केवढा?" काकांनी विचारलं.

"अर्ध्याहून जरासा मोठा."

ते पायरीवर बसले. मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले. "काका, मी ओरडायला नको होतं."

"ओरड की. सापडला तर ओरडायचंच. मी नव्हतो का ओरडत?" मग म्हणाले, "मला वाटायचं, भोंगा आहे ना. आणि तू आहेस. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं निघतील तेवढ्यावर. तू तीन दिवस नसलीस आणि…" माझा हात धरून उठले.

आजीबाई शुक्रवारी उडणार नाही. दुसऱ्या फिटिंगची मागणी गेली. डाव्या कागदावर माझा लाल शिक्का आहे. त्याखाली काकांचा जुना दिसतोय.

२८ मार्च, गुरुवार

काकांनी शिक्का परत केला. मॅडम म्हणाल्या, डोळे करून घ्या, मग बघू. तपासणीचं काम परत मिळेलच असं नाही, शिकवायला मात्र या. सासूबाईंनी आपल्या डॉक्टरांचा नंबर मला न विचारताच काकांना फोन करून दिला. तासभर बोलत होते दोघं! मला ऐकू आलं ते एवढंच: "अहो, काही दुखत नाही, उगाच पुरुषासारखं करू नका."

१५ एप्रिल, सोमवार

डावं फिटिंग बसलं! पुन्हा वाफ, पुन्हा टाळ्या. या खेपेला एकही नळी तिरकी गेली नाही. मेकॅनिकला देव आठवावा लागला नाही.

काकांचा उजवा डोळा झाला. अजून काळा चष्मा आहे. मी फोनवर सगळं रसभरीत सांगितलं. ते मध्येच म्हणाले, "कोण वाचत होतं मापं?" मी म्हटलं, "मी वाचत होते आणि मेकॅनिक परत वाचत होता. मोठ्याने." पलीकडून समाधानाचा हुंकार आला.

१८ एप्रिल, गुरुवार

आजीबाईचं चाचणी उड्डाण होतं. प्रवासी नाहीत, फक्त वैमानिक. आम्ही सगळे धावपट्टीच्या कुंपणाशी. काकाही आले होते, चष्मा खिशात घालून. आल्या आल्या माझ्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं आता काही मनाला लागेल असं बोलणार.

"अगं, तुझे केस पिकलेत की!" म्हणाले. "मी तुला पोरी पोरी म्हणत होतो."

आजीबाई धावपट्टीच्या टोकाला वळली. इंजिनांचा आवाज चढला, ती धावायला लागली, आणि मला सवयच लागलेली, मी भराभरा सुरू झाले, "काका, निघाली, आता वेग घेतेय, नाक उचललं बघा, पंख वाकले वर, दोन्ही सारखे, डावाही—"

"गप बस," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला बघू दे."

मी गप्प बसले. आम्ही दोघांनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. माझ्या नजरेतून ती आधी सुटली. काका त्यानंतरही बराच वेळ वर बघत होते.